चुन्याच्या रेघेपासून पहिल्या कोनापर्यंत: टर्बो गाडी जोरात कशी सोडायची

गेल्या मोसमात माझा भाचा पहिल्यांदाच ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानात प्लास्टिकचे कोन मांडून आखलेल्या वाटेवर घड्याळाविरुद्ध गाडी पळवण्याच्या स्पर्धेला, उतरला. गाडी एक लिटरची टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. रेघेवर उभं राहून त्याने टॅकोची, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या (आरपीएम) दाखवणाऱ्या डायलची, सुई साडेचार हजारांवर नेली, झेंडा पडला आणि याने क्लचवरचा पाय सरळ काढूनच घेतला. पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी फिरली, तांबडी धूळ बॉनेटच्या वर गेली, गाडीचं नाक डावीकडे ओढलं गेलं. पहिला कोन आला तेव्हा साहेब अजून स्टिअरिंग सरळ करत होते. कोन आडवा. खाली उतरून मला विचारतो, "मामा, आवाज कसला आला ना?"

आवाज आला होता खरा. पण वेळ लागला तो बिनटर्बोच्या, पंधरा वर्षं जुन्या हॅचबॅकपेक्षा जास्त.

हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी आहे. गोव्यात नरकासुर जळले, की मैदानं वाळायला लागतात आणि दर वर्षी चार-पाच नवी पोरं विचारायला येतात: "टर्बो आहे, लाँच कसा मारू?" लाँच म्हणजे थांबलेली गाडी रेघेवरून जोरात सोडणं. हल्ली नव्या हॅचबॅकमध्ये आणि सेडानमध्ये टर्बो सर्रास आलाय. पोलो टीएसआय (२०२२ ला बंद झालेली), व्हर्टुस, स्लाव्हिया, आय-ट्वेंटी एन लाइन, फ्राँक्सचं बूस्टरजेट, या सगळ्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्या आहेत. म्हणून लिहिलंय तेही पुढच्या चाकांच्या मॅन्युअल गाडीसाठी. ऑटोमॅटिकवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

आधी जागा

मोपा विमानतळाचा लिंक रोड रात्री रिकामा दिसतो, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतले रस्ते रविवारी सुने असतात, हे मलाही माहीत आहे. तिथे हे करायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडलात तर वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्या रस्त्यावर गुरं बसलेली असतात आणि पोदेर (पाववाला) पहाटे सायकल घेऊन निघालेला असतो, ते वेगळंच.

सरावाला कुणाचं तरी खाजगी, सपाट, कुंपण असलेलं मैदान मालकाला विचारून घ्या. स्पर्धेला उतरायचं तर एफएमएससीआयच्या, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाच्या, मान्यतेने होणाऱ्या ऑटोक्रॉसमध्येच उतरा. तिथे परवाना, हेल्मेट, स्क्रुटिनी (गाडीची तपासणी) या सगळ्याची रीत ठरलेली असते. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात नसते: आपल्या नेहमीच्या मोटार विमा पॉलिसीत शर्यत आणि वेग-चाचणी हे वापर वगळलेले असतात. मैदानावर गाडी ठोकलीत तर खर्च आपला.

थांबलेल्या गाडीत टर्बो झोपलेला असतो

हे एकदा नीट समजलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि तो फिरतो इंजिनाच्या धुरावर. धूर भरपूर आणि गरम यायला हवा असेल तर इंजिनाला ओझं लागतं. न्यूट्रलला किंवा क्लच दाबून तुम्ही सुई चार हजारांवर नेता तेव्हा इंजिनाला काहीच ओढायचं नसतं, त्यामुळे तेवढ्या आरपीएमला जेमतेम थोडं पेट्रोल आणि थोडी हवा पुरते. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जवळपास बंदच असतो. आवाज मोठा येतो, बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेली हवा, मात्र जवळजवळ शून्य. भाच्याचा साडेचार हजारांचा गडगडाट म्हणजे नुसता ढोल होता.

ओझं येतं ते क्लच पकडायला लागल्यावर. मग थ्रॉटल उघडतो, धूर वाढतो, टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घ्यायला लागतं आणि बूस्ट भरतो. या सगळ्याला वेळ लागतो. छोट्या टर्बोला कमी, मोठ्याला जास्त. तेवढ्या वेळात इंजिन साध्या एक लिटरच्या इंजिनासारखंच वागतं, मरगळलेलं. आणि मग ताकद एकदम येते.

म्हणजे अडचणी दोन आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट्या आहेत. सुरुवातीला ताकद कमी पडते, सेकंदाभराने जास्त होते. टर्बो गाडीचा लाँच म्हणजे हे दोन टप्पे क्लचने एकमेकांना जोडणं. बूस्ट येईल तेव्हा गाडी आधीच चालू असली पाहिजे आणि चाकांनी जमीन धरलेली असली पाहिजे. बस, एवढंच.

जास्त का होते, त्याचा मोघम हिशेब

समजा गाडी ड्रायव्हरसकट ११५० किलो. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, १७५ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये सगळे दात मिळून तो साधारण चौदा पट होतो. चाकाची त्रिज्या ३१ सेंटिमीटर धरली आणि वाटेतली गळती वजा केली, तर चाकं जमिनीला सुमारे ७,००० न्यूटनने ढकलू पाहतात. ते सगळं जमिनीला लागलं असतं तर गाडी ०.६ जी ने पळाली असती (एक जी म्हणजे वरून सोडलेल्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो तो दर).

पण लागत नाही. अशा गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं, आणि गाडी उसळते तेव्हा त्यातलंही ऐंशी-नव्वद किलो मागे सरकतं. नाक उचलतं ते उगाच नाही. नेमकं ज्या चाकांनी ओढायचं त्यांच्याच अंगावरचं वजन कमी होतं. कोरड्या चांगल्या डांबरावर अशा गाडीला ०.४५ जी च्या आसपास मिळालं तर डोक्यावरून पाणी. तांबड्या मुरुमावर ०.२५ ते ०.३. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये पूर्ण बूस्ट टायरला डांबरावरही झेपत नाही, मुरुमावर तर त्याची निम्मी ताकद वाया जाते. काही कंपन्या म्हणूनच पहिल्या गिअरमध्ये टॉर्क मुद्दाम आवरून ठेवतात.

आणखी एक आकडा, उत्साह थोडा थंड करायला. रेघेपासून पहिला कोन २५ मीटरवर आहे असं धरा. ०.४५ जी ने गेलात तर तिथे पोचायला ३.४ सेकंद लागतात, ०.३५ ने गेलात तर ३.८. उत्तम लाँच आणि बरा लाँच यांत फरक अर्ध्या सेकंदाहून कमी. पडलेल्या कोनाचा दंड त्याहून कितीतरी मोठा असतो. म्हणून माझ्या लेखी लाँच संपतो तो पहिल्या कोनाला, गाडी सरळ आणि शांत असताना. तिथे नाक वाकडं असेल तर आधीच्या वीस मीटरचं कौतुक कुणी करत नाही.

गाडीची तयारी

यावर लोक फार वेळ घालवतात. डिकी रिकामी करा, स्टेपनी आणि जॅक बाहेर काढा. मागचं वजन कमी झालं की पुढच्या चाकांचा वाटा वाढतो. पेट्रोल पाव टाकी ठेवा. त्याहून कमी नको, वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंपाला हवा मिळते. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढा. ९५ ऑक्टेन मिळत असेल तर भरा, कारण उकाड्यात टर्बो इंजिन नॉक करायला (पेट्रोल अवेळी भडकून ठोकायला) लागलं की कंप्युटर स्वतःच ताकद कमी करतो. एसी बंद. हेल्मेटमध्ये घाम येईल, येऊ दे.

हवेकडे मात्र नीट लक्ष द्या. सकाळी टायर थंड असताना दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. दोन रन (कोर्सवरच्या फेऱ्या) आणि डोक्यावरचं ऊन यांनी ती तीन-चार पीएसआय सहज वाढते. पुढच्या टायरमध्ये गरम झाल्यावरचं प्रेशर स्टिकरपेक्षा एखाददुसरा पॉइंटच (पीएसआयच) वर राहील असं काढत राहा. त्याहून खाली गेलात तर लाँच सुधारेल, पण वळणावर टायर कुशीवर लोळेल. किती लोळतोय हे कळायला शाळेतला साधा खडू पुरतो. बऱ्याच टायरांच्या कडेला, नक्षी संपते तिथे, एक बारका त्रिकोण असतो. त्यावरून बाजूच्या भिंतीपर्यंत खडूची जाड रेघ ओढा आणि रन मारून या. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला तर हवा बरोबर. त्याच्या खालीही पुसला गेला तर दोन पॉइंट भरा.

ट्रॅक्शन कंट्रोलचं काय? टर्बो गाडीत त्याचा एक खास त्रास आहे. चाक फिरलं की तो थ्रॉटल आवळतो. थ्रॉटल आवळला की बूस्ट गेला. मग चाक धरतं, थ्रॉटल उघडतो, पण बूस्ट परत भरायला पुन्हा वेळ. गाडी उचक्या दिल्यासारखी जाते. म्हणून लाँचला तो बंद बरा. बऱ्याच गाड्यांत बटण एकदा दाबलं तर फक्त ट्रॅक्शन बंद होतो आणि गाडी फिरू न देणारी ईएससी चालू राहते. नवख्याने तसंच ठेवावं. बटण कसं वागतं हे गाडीगणिक वेगळं, तेव्हा गाडीचं मॅन्युअल घरून वाचून या. रेघेवर बटणं शोधत बसू नका.

डावा पाय

सगळी मेख इथे आहे. आणि याचा सराव लोक करत नाहीत, कारण त्यात आवाज नाही.

ज्या बुटांनी स्पर्धेत बसणार तेच घाला. जाड तळव्याचे नकोत, पातळ कॅनव्हासचे चांगले. सीट पुढे घ्या, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. टाच जमिनीला टेकवा. बहुतेकजण पूर्ण पाय हवेत ठेवून मांडीने क्लच सोडतात. मांडीला बोटभर अंतर कळत नाही, घोट्याला कळतं. पाय लांब असल्याने टाच टेकत नसेल, तर निदान घोट्यातून हालचाल करायची सवय लावा.

आता सपाट जागी, पहिला गिअर, उजवा पाय कुठेच नाही. क्लच इतका हळू सोडा की गाडी स्वतःहून सरकायला लागेल. सुई आधी किंचित खाली येईल, स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येईल, बॉनेट दोन बोटं उचलल्यासारखं होईल. ती जागा म्हणजे पकड. पुन्हा दाबा. पुन्हा तिथे या. दहा वेळा, वीस वेळा. मग डोळे डॅशबोर्डवरून काढून समोर ठेवा आणि परत दहा वेळा. पायाला ती जागा अंधारात देवघराच्या स्विचसारखी सापडली पाहिजे.

ते जमलं की उजवा पाय. सुई २००० वर नेऊन तिथेच धरायची, खालीवर न करता. हे वाटतं तितकं सोपं नाही. आजकालच्या गाड्यांत एक्सिलरेटरला तार नसते, सगळं इलेक्ट्रॉनिक, त्यामुळे पाय आणि इंजिन यांच्यात अर्धा श्वास अंतर असतं. टाच जमिनीला घट्ट, पंजा हलका.

आता दोन्ही एकत्र. सुई २०००, क्लच पकडीपर्यंत पटकन, तिथून थोडा वर आणि *तिथेच थांबा*. गाडी निघाली तरी थांबा. उजवा पाय थोडा वाढवा म्हणजे सुई पडणार नाही. गाडी एक गाडीभर अंतर गेली की क्लच पूर्ण सोडा. नवखा माणूस नेमका या मधल्या थांब्यात चुकतो. गाडी हलली की काम झालं असं वाटून पाय काढतो.

एक गाडीभर का? अशा गाडीत पहिल्या गिअरला हजार आरपीएमला साधारण साडेआठ किलोमीटर वेग पडतो. म्हणजे २५०० वर इंजिन आणि चाकं यांचा मेळ बसतो तो २१ च्या वेगाला. तिथपर्यंत जायला दीडएक सेकंद आणि साडेचार मीटरच्या आसपास लागतात. तेवढा वेळ क्लच घसरलाच पाहिजे, आणि ते घसरणंच टर्बोला हवं असलेलं ओझं देतं. मात्र घसरण फुकट नाही. चाकं न फिरवता सुटलात तर घसरताना क्लच जवळपास तितकीच ऊर्जा खातो जितकी गाडीला मिळते, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. २५०० ऐवजी ५००० वरून घसरत सोडलात, तर क्लचमध्ये दुप्पट नाही, चौपट उष्णता.

माझ्या पहिल्या वर्षी मी हा धडा पैसे मोजून घेतला. रेघेवर तयार होतो, क्लच पकडीवर, हँडब्रेक वर. तेवढ्यात पुढे पडलेले कोन उभे करायला पोरं धावली. मी तसाच, पकडीवर, सुई अडीच हजारांवर, वीसेक सेकंद. कोन लागले, झेंडा पडला, गाडी गेली. दुसऱ्या रनला सुई पाच हजारांवर चढली आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने. जळलेल्या क्लचचा वास, कुणी केस जाळल्यासारखा, हेल्मेटमध्ये दिवसभर राहिला. क्लच प्लेटला किती लागले ते इथे लिहीत नाही, घरी अजून खरा आकडा माहीत नाही.

सरावात चाकं किती फिरतायत हे बघायला पुन्हा तोच खडू काढा. टायरच्या बाहेरच्या भिंतीवर मध्यापासून कडेपर्यंत एक ठळक रेघ. जमिनीवर चुन्याने दर मीटरला खूण. मित्राला फोन घेऊन बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं करा आणि स्लो-मोशनमध्ये चाकाचा व्हिडिओ घ्या. १९५/५५ आर १६ टायरचा घेर १.९५ मीटर असतो. रेघ एक पूर्ण फेरी फिरली आणि गाडी १.६५ ते १.७५ मीटर गेली, तर डांबरावर तुमचं चाक हवं तेवढंच, दहा-पंधरा टक्के, घसरतंय. मीटरभरच गेली तर अर्धं पेट्रोल धुळीत. मुरुमावर थोडं जास्त घसरणं चालतं, कारण चाकाला वरची सैल खडी बाजूला सारून खालची घट्ट जमीन शोधावी लागते. भाच्याचा व्हिडिओ पाहिला तेव्हा त्याच्या चाकाच्या तीन फेऱ्यांत गाडी दोन मीटर गेली होती. त्यानंतर त्याने आवाजाचं नाव काढलं नाही.

रेघेवर

ब्रीफिंगमध्ये एक प्रश्न न चुकता विचारा: घड्याळ कधी सुरू होतं? काही ठिकाणी ते झेंड्याबरोबर किंवा मोजणीच्या शून्यावर सुरू होतं. काही ठिकाणी गाडीच्या नाकाने किरण तोडल्यावर. किरण असेल तर झेंडा पडल्यावर घाई करायचं काहीच कारण नाही, स्वतःच्या सवडीने निघा. झेंड्यावर असेल तर थोडी चपळाई हवी, पण आधी सुटलात तर दंड आहेच.

रेघेकडे जाताना जमीन बघा. तुमच्या आधी वीस गाड्यांनी चाकं फिरवून तिथे दोन खड्डे पाडलेले असतात. चालत असेल तर चाकं त्या खड्ड्यांच्या हातभर बाजूला ठेवा. मोकळं चाक आणि रुतलेलं चाक यांची एकत्र जोडी नको, कारण आपल्या साध्या डिफरन्शिअलमध्ये (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये) ज्या चाकाला पकड कमी तेच फिरत बसतं. स्टिअरिंग अगदी सरळ. वळवलेल्या चाकांनी लाँच म्हणजे आतलं चाक फुकट.

मग क्रम असा. पहिला गिअर, हँडब्रेक वर, क्लच *पूर्ण* दाबलेला. वाट बघायची ती अशीच, पकडीवर नाही. मोजणी तीनवर आली की सुई तुमच्या आकड्यावर. माझा आकडा एक ते सव्वा लिटरच्या टर्बोसाठी डांबरावर २५०० च्या आसपास, मुरुमावर २०००. दीड लिटरची, २५० न्यूटन-मीटरची गाडी असेल तर दोन्हीकडे चार-पाचशे कमी. हे आकडे सुरुवातीचे, तुमचे तुम्ही शोधायचे. एकवर आली की क्लच पकडीपर्यंत, बॉनेट उचललं की तिथेच. झेंडा: हँडब्रेक खाली, क्लच पकडीच्या थोडा वर आणि थांबा, उजवा पाय अर्ध्यापर्यंत एकसारखा वाढत.

सेकंदाभरात पाठीला धक्का लागेल आणि स्टिअरिंग हातात हलकं होईल. बूस्ट आला. या क्षणी सगळ्यांचा उजवा पाय आपोआप खाली जातो. तुमचा जाऊ देऊ नका. आहे तिथे ठेवा, क्लच पूर्ण सोडा, आणि स्टिअरिंगला पुन्हा वजन आलं की मगच एक्सिलरेटर तळाला. गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही हातांनी घट्ट धरा, झटापट करू नका. दोन्ही बाजूंचे अॅक्सल सारख्या लांबीचे नसतात अशा गाड्यांत हे होतंच.

पहिल्या गिअरमध्ये या गाड्या ४५-५० पर्यंतच जातात, म्हणजे पहिल्या कोनाच्या अलीकडे-पलीकडे दुसरा गिअर लागणार. तो कोनाच्या आधी टाकायचा की नंतर, हे कोर्स पायी फिरताना ठरवा. कोनात वळताना हात गिअरवर असू नये. मी शक्यतो आधी टाकतो. आरपीएम थोडे खाली येतात, पण दुसऱ्या गिअरला बूस्ट टायरला झेपतो, आणि वळणावर शांतता.

बिघडलं तर

चाकं फिरायला लागली तर पाय काढू नका. पूर्ण काढलात की बूस्ट जातो आणि तो परत यायला लागणारा वेळ फिरणाऱ्या चाकांपेक्षा महाग पडतो. नखभर सोडा. टॅकोची सुई चढायची थांबली की पुरे.

उलट झालं, सुई पडली आणि गाडी गुदमरल्यासारखी झाली, तर एक्सिलरेटर दाबून काही होत नाही. क्लच बोटभर परत दाबा, सुई दोन हजारांच्या वर येऊ द्या, पुन्हा सोडा. अर्धा सेकंद गेला, पण रन वाचला. पुढच्या वेळी दोनशे आरपीएम जास्त.

तिसरं, आणि हे खरंच घाबरण्यासारखं: पुढून धडधड धडधड असा आवाज आणि डॅशबोर्ड हादरायला लागणं. चाक पकडतंय-सोडतंय, पकडतंय-सोडतंय. यात अॅक्सलचे सांधे आणि इंजिनाची माउंटिंगं जातात. इथे मात्र पाय ताबडतोब काढा. तो रन सोडून द्या. पुढच्या रनला कमी आरपीएम, आणि चाकं खाचखळग्यात नसतील अशी जागा.

ऑटोमॅटिकवाल्यांनी

टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा प्रकार) असेल तर डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्याने थोडा एक्सिलरेटर दिला की ओझं मिळतं आणि थोडा बूस्ट भरतो. दोन सेकंदांपेक्षा जास्त नको, गिअरबॉक्सचं तेल तापतं. डीएसजी किंवा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर हा प्रकार करू नका, निदान ज्यांचे क्लच कोरडे आहेत त्यांत नाहीच. शिवाय अनेक गाड्यांत ब्रेक आणि एक्सिलरेटर एकत्र दाबले तर कंप्युटर एक्सिलरेटर ऐकतच नाही. गाडीत कंपनीचा लाँच मोड असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे वापरा. नसेल तर स्पोर्ट मोड, ब्रेक सोडा, गाडी सरकू द्या आणि अर्ध्या सेकंदाने पाय वाढवा. दिसायला साधं आहे, पण दोन-तीन मॅन्युअलवाल्यांना दर वेळी हेच हरवतं.

दोन रनच्या मध्ये

ऑक्टोबर असो वा फेब्रुवारी, गोव्यात अकरानंतर रांगेत उभी राहिलेली टर्बो गाडी आतून भट्टी होते. इंटरकूलरला (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीला) वारा लागत नाही, आत जाणारी हवा गरम, कंप्युटर ताकद कापतो. सकाळी २५०० वर बरोबर बसलेला लाँच दुपारी गुदमरतो तो यामुळे. रांगेत इंजिन बंद ठेवा, बॉनेट उघडा, नाक वाऱ्याकडे, जमलं तर काजूच्या सावलीत. दुपारच्या रनला आकडा शंभर-दोनशेने वाढवावा लागतो. गरम टर्बोवर बाटलीभर पाणी ओतण्याची आयडिया कुणाला ना कुणाला सुचतेच. ओतू देऊ नका.

इंजिन थंड असताना पहिला रन मारू नका. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी तेल अजून गार असतं, त्यानंतर आणखी पाच मिनिटं सावकाश फिरवा. रन संपल्यावर लगेच चावी फिरवू नका. मिनिट-दोन मिनिटं हळू चालवा किंवा आयडलवर ठेवा, नाहीतर टर्बोच्या शाफ्टपाशी अडकलेलं तेल तिथेच करपतं. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पंप पाणी फिरवत राहतो आणि फॅन चालू राहतो. फॅनचा घुं घुं आवाज आला म्हणून घाबरू नका.

क्लचला दोन लाँचच्या मध्ये किमान दहा मिनिटं द्या. वास आला तर तो दिवस संपला असं समजा आणि दुसऱ्यांचे रन बघत पातळ भाजी आणि पाव खा. रेघेजवळ उभं राहून कुणाचं बॉनेट किती उचलतंय, सुटल्यावर कुणाची धूळ किती उडतेय, हे बघण्यासारखं दुसरं शिक्षण नाही. ज्याची धूळ सगळ्यात कमी, त्याच्याशी ओळख काढा.

आणि खिशात छोटी वही ठेवा. रन, वेळ, आरपीएम, पुढच्या टायरची हवा, जमीन कशी होती, काय चुकलं. दोन ओळी पुरेत. भाच्याच्या वहीत पहिल्या दिवशीच्या चौथ्या रनपुढे लिहिलंय: "२१००, पुढे ३३, आवाज नाही, कोन उभा."

घरी निघताना स्टेपनी आणि जॅक परत डिकीत टाका, ट्रॅक्शन कंट्रोल चालू आहे का ते बघा. टायर थंड झाले की पहिल्या पंपावर हवा स्टिकरप्रमाणे करून घ्या. तापलेल्या टायरमधून दिवसभर काढत राहिलेली हवा संध्याकाळी गार झाल्यावर बरीच कमी निघते, आणि तशा टायरवर हायवेने म्हापशापर्यंत जाऊ नका.